सोळा तालुके, चार प्रश्न

'प्रोग्रॅमिंग शिकायचे, तर प्रारंभ कोणत्या भाषेपासून करावा?' असे पुसदच्या एका विद्यार्थिनीने परवा विचारले. पायथन उत्तमच, परंतु संगणकाला आज्ञा देण्यापूर्वी विचारांचा क्रम कागदावर मांडता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे सोळाही तालुके, आर्णी-उमरखेडपासून राळेगाव-वणीपर्यंत, अकारविल्हे लिहून त्यांतील एक मनात धरावयास मी तिला सांगितले.

'दिग्रसपर्यंतच्या पहिल्या आठांत आहे काय?'
'नाही.'
'नेर ते महागाव?'
'नाही.'
'मारेगाव वा यवतमाळ?'
'होय.'
'यवतमाळ?'
'नाही.'
म्हणजे मारेगाव!

प्रत्येक प्रश्नासरशी यादी निम्मी होते. हाच बायनरी सर्च. 1000 खातेदारांच्या यादीतील इसम अशा रीतीने फार तर 10 प्रश्नांत सापडतो, आणि यादी दुप्पट झाली तरी प्रश्न वाढतो अवघा एक. मात्र दफ्तर क्रमवार लावलेले हवे, अन्यथा एकेक नाव तपासत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

हीच रीत पायथनमध्ये दहा-बारा ओळींत उतरते. आधी वहीत उतरवून पाहा, आणि जेथे अडेल तेथे निःसंकोच विचारा. यथामती उत्तर देईन.