भाषण बसवायचंय? आधी हे एक वाचा

२५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत समारोपाचं भाषण केलं. भाषण करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी मोठ्याने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

भाषण लांब आहे, पण शेवटाकडे येताना इशारे तीनच: संवैधानिक मार्ग सोडू नका, राजकारणात विभूतिपूजा नको आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. तिसरा इशारा देताना ते थेट तारीख समोर ठेवतात. २६ जानेवारी १९५० ला राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात मात्र विषमता! अमूर्त मुद्दा एका दिवसाला बांधला की ऐकणाऱ्याला तो लगेच दिसतो. विभूतिपूजेच्या मुद्द्याला तर विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल आणि आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचे दाखले आहेत.

आपल्या भाषणालाही मुद्दे दोन-तीनच घ्या, आणि प्रत्येकाला एक ठोस दाखला. पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ हवं, बाकीचं कार्डावर मुद्द्यांपुरतं. सराव उभं राहून, घड्याळ लावून, खणखणीत आवाजात करा. मनातल्या मनात वाचून धाप कुठे लागते ते कळत नाही. आणि हो, व्यासपीठावरच्या मान्यवरांची लांबलचक यादी सूत्रसंचालकावर सोडा.