शेजारच्या आसनावरचा खोकला

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो होतो. माझ्या मागच्या आसनावरचे काका सारखे खोकत. कोरडा, ठसक्यासारखा खोकला. तिसऱ्या दिवसापर्यंत मला त्याचा राग येऊ लागला. पाचव्या दिवशी आठच्या सामूहिक बैठकीला मात्र त्यांचं आसन रिकामं दिसलं आणि माझं लक्ष श्वासावरून पार उडालं. ना त्यांचं नाव माहीत, ना गाव. तरी काळजी वाटली. दुपारी ते परतले, खोकले आणि मला बरं वाटलं!

इथे आर्य मौन पाळायचं असतं. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत साधकांनी एकमेकांशी बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत. मोबाइल, पुस्तकं, वह्या जमा. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण. अडचण असेल तर आचार्यांशी किंवा धम्मसेवकांशी तेवढं बोलता येतं. इतक्या कडक नियमांत ओळख कशी होणार? पण होते. कोण पायऱ्या कठडा धरून उतरतं, कोण ताटात काहीच घेत नाही, हे न बघताही कळत जातं.

दहाव्या दिवशी मौन सुटलं आणि भोजनालयात एकच गलका झाला. काका म्हणाले, ‘‘तुम्ही फार पाय बदलता हो!’’ एसटीतून निवृत्त झालेले. दीड वर्षापूर्वी काकू गेल्या, मुलगा परगावी. खोकला किती दिवसांचा, विचारलं. ‘‘झाले तीन-चार महिने. घरी ऐकायला कोण आहे?’’

नातेसंबंध आणि आयुर्मान यांवरच्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. याची कारणं अनेक असतील. ताण, झोप, व्यसनं. मला त्यातलं अगदी साधं कारण महत्त्वाचं वाटतं. आपला खोकला दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाची तपासणी करायलाच हवी. काकांना तेच सांगितलं. फोन नंबर घेतला आणि, खरं सांगायचं तर, दोनदा पिच्छा पुरवला. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे, दोन्हींत काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी पाहिली. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. अशी गोळी मनाने बंद करायची नसते, डॉक्टर ती बदलून देतात. काकांची बदलली.

शिबिराबद्दलही एक सांगायला हवं. तीव्र नैराश्य किंवा इतर गंभीर मानसिक आजार असेल तर इतकं दीर्घ मौन त्रासाचं ठरू शकतं. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि अर्जात आजार लपवू नका.

काकांचा परवा फोन आला. खोकला थांबलाय. पुढच्या शिबिराला येता का, विचारत होते; आसन मात्र माझ्यापासून लांब मागणार आहेत म्हणे.