शेंदूर शब्दाची कुळकथा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गावोगावच्या मारुतीच्या अंगावर तेलात कालवलेल्या शेंदराची पुटे चढलेली असतात. खानदेशातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असलेली सप्तशृंगीही पिढ्यान्‌पिढ्या शेंदूरचर्चित रूपातच पाहिली गेली. २०२२ मध्ये गडावरील मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढण्यात आला, तेव्हा देवीचे मूळ रूप भाविकांसमोर आले. ज्या द्रव्याने हे रूप इतकी वर्षे झाकले, त्याच्या नावातही असेच थर आहेत.

मूळ संस्कृत शब्द ‘सिंदूर’. व्याकरणपरंपरा तो ‘स्यंद्’ म्हणजे झिरपणे, वाहणे या क्रियेपासून साधते. प्राकृतात काही शब्दांमध्ये जोडाक्षरापूर्वीच्या ‘इ’चा ‘ए’ झाला आणि ‘सिंदूर’चे ‘सेंदूर’ बनले. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त हा नियम ‘पिंड’ शब्दाच्या आधारे सांगितला आहे. पिंडाचे पेंड झाले. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातील सरकीची पेंड याच वाटेने आली.

पुढचा संस्कार मराठीचा. ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांपूर्वीचा ‘स’ मराठीत बहुधा ‘श’ होतो. ‘सीवन’चे शिवण झाले, ‘सिध्यति’पासून शिजणे आले. त्याच रीतीने सेंदराचा शेंदूर झाला.

या रंगाचे दुसरे नाव मात्र अधिक बोलके आहे. ‘अमरकोशा’त सिंदुराला ‘नागसंभव’ म्हटले आहे. येथे नाग म्हणजे सर्प नव्हे, शिसे. शिसे हवेत तापवले की मुर्दाडशिंग मिळते आणि ते आणखी भाजले की शेंदूर तयार होतो. पाऱ्यापासूनचा हिंगूळ आणि हळदीपासूनचे कुंकू रंगाने जवळचे असले, तरी द्रव्ये वेगळी. शेंदूर चारून गवयाचा आवाज घालवल्याच्या आख्यायिका सांगितल्या जातात. शेंदूर विषारी असल्याची जाण लोकांना होती, हेच त्यांतून दिसते.

ही जाण आजही हवी. बाजारात शेंदूर म्हणून मिळणाऱ्या काही भुकट्या कृत्रिम रंगाच्या असतात, काहींत शिसे असते. नुसत्या नजरेने फरक कळत नाही. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते आणि त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून शेंदूर पाषाणावरच शोभावा. प्रसादात, अन्नात वा बालकाच्या हाती तो जाऊ नये. ‘नागसंभव’ या नावातच हा इशारा पूर्वीपासून आहे.