ओंजळभर बाजरीचा हिशेब

कोंबड्यांना दाणे टाकताना सहसा कुणी हात आखडता घेत नाही. माजलगावात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, खुराडं लावायच्या आधी ओंजळभर बाजरी अंगणात पडते, दुपारी उरलेली भाकरी कुस्करून दिली जाते आणि शिळा भात तर असतोच. कोंबड्याही पायात घोटाळतात, त्यामुळे देणाऱ्याला बरं वाटतं. पुढे अंडी कमी झाली, कवच कागदासारखं पातळ यायला लागलं, की दोष जातीवर, उन्हावर नाहीतर कुणाच्या नजरेवर जातो. मानमोडीसारखा रोग, पोटातले जंत, पिसं झडण्याचा काळ ही कारणं खरीच आहेत आणि ती आधी तपासावीत. पण धडधाकट दिसणारी कोंबडी अंडी देत नसेल, तर माझा पहिला संशय त्या ओंजळीवर जातो.

कारण साधं आहे. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाद्य खाते; त्याहून फार जास्त तिच्या पोटात मावत नाही. एवढ्या खाद्यातून तिला 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. सगळी भूक बाजरीवरच भागवली तर 12-13 ग्रॅम मिळतात, भातावर भागवली तर त्याहूनही कमी. कॅल्शियमचं गणित तर आणखी वाईट. एका अंड्याच्या कवचात जवळजवळ 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि खाल्लेल्यातलं साधारण निम्मंच अंगी लागतं, म्हणजे अंड्याच्या दिवशी पोटात 4 ग्रॅम जायला हवं. शंभर ग्रॅम बाजरीत ते ग्रॅमचा विसावा भागही नसतं. मग कोंबडी कवचासाठी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढते आणि तेही आटलं की अंडी थांबवते. दाण्यातल्या जादा पिठाची मात्र पोटात चरबी होते. अशी कोंबडी हातात जड लागते आणि घरच्यांना वाटतं, चांगली पोसली आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आजीच्या कोंबड्यांना कुणी पेंड घातली होती? नव्हती घातली, कारण त्यांची पेंड उकिरड्यात होती. अळ्या, किडे, वाळवी, कोवळा पाला, खळ्यावरचे दाणे, मातीतले खडे असं दिवसभर वेचून ती कोंबडी आपला आहार आपणच जुळवायची. शिवाय ती वर्षाला साठ-सत्तर अंडी द्यायची आणि मध्ये खुडूक होऊन महिनाभर बसायची. तिची गरजच तेवढी होती. आता सिंदफणेवरच्या धरणाखाली ऊस आणि शिवारात कापूस-सोयाबीन आलं, मळणी यंत्रावर गेली, अंगणात फरशी बसली. हैदराबादला तयार झालेली वनराजा किंवा बंगळूरची गिरिराज दारात आली; त्यांच्याकडून अपेक्षा शंभराच्या पुढची. वेचायला जागा नाही, वर दुप्पट अंडी हवीत, आणि खायला फक्त बाजरी! आजीचा दाखला इथे लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आपल्याला काय हवं ते जनावराला कळतं. कॅल्शियमपुरतं हे खरं आहे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला तर अंड्यावरची कोंबडी तो संध्याकाळच्या सुमारास बरोबर टिपते, कारण कवच रात्री बनतं. पण भात आणि पेंड समोर ठेवली तर ती भातावरच तुटून पडते. पोरं जेवणाआधी फरसाण मागतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून खाऊ एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यावर नसावा. दहा कोंबड्यांना मिळून दिवसाला चहाच्या एका कपात मावेल एवढीच बाजरी, तीही मुख्य खाद्य खाऊन झाल्यावर. खारट भाजी आणि फरसाण तर नकोच. कोंबडीला मीठ फार सोसत नाही.

राहिला खर्च. त्यासाठी बंद पोत्यातलंच खाद्य घ्यावं असं नाही. शंभर किलोला साठ किलो भरडलेली मका, ज्वारी किंवा बाजरी, चोवीस किलो सोयाबीनची पेंड, सहा किलो गव्हाचा कोंडा, साडेसात किलो शिंपल्यांचा चुरा, दोन किलो खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ एवढ्यात काम भागतं. दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबडीला याचं निम्मं पुरतं. वर शेवग्याचा किंवा मेथीचा पाला द्यावा, बलक पिवळाधमक होतो. मात्र घरचं सोयाबीन कच्चं टाकू नये. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, तो भाजल्यावर निकामी होतो. म्हशीची सरकी पेंडही कोंबडीला नको, तिच्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. बुरशी लागलेलं धान्य ‘कोंबड्या खातील’ म्हणून टाकण्याची सवय सर्वांत घातक. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, ते बुरशीच्या विषाने दूषित झालेल्या शेंगदाणा पेंडीमुळे.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी आधीच कमी खाते, म्हणून पोटात जाईल तो घास कसदार हवा. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या, पाणी दिवसभर सावलीत ठेवा. आणि एक सांभाळा: वर सांगितलेलं मिश्रण अंड्यावरच्या कोंबड्यांचं आहे. पिलांना एवढं कॅल्शियम दिलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. त्यांचं खाद्य वेगळं ठेवा आणि शिंपल्यांचं भांडं त्यांची चोच पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगा.