लक्षात राहिलेली आणि कामास आलेली

मृगाच्या तोंडावर विदर्भातल्या देवळीच्या कृषी केंद्रांवर कपाशीच्या वाणांचे फलक लागतात. टपोरी बोंडं, हसरा शेतकरी; कंपनीचं नाव झाकलं तर कोणता फलक कुणाचा हे ओळखू येऊ नये. शेतकरी मात्र पाकीट निवडतो ते बहुधा धुऱ्यापलीकडच्या वावरात गेल्या साली काय पिकलं ते पाहून. मंजुरी नसलेली तणनाशकसहनशील कपाशी, गावभाषेत 'चोर बीटी', विदर्भात पसरली ती एकाही फलकाविना. निंदणीची मजुरी वाचते, एवढी एक बातमी तिला पुरली. पण बियाणं बोगस निघालं तर हातात पक्कं बिल नसतं, दाद मागायला नाव नसतं. जाहिरात करणारा निदान आपलं नाव पणाला लावतो.

ते नाव टिकतं कशानं? एकाच गोष्टीचा हट्ट धरल्यानं. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली विको सुरू केली. कंपनीची हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन नव्हे, असं तिच्या जाहिरातीचं गाणं वर्षानुवर्षं बजावत राहिलं. ती क्रीम औषध की प्रसाधन हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी जे कोर्टात मांडत होती, तेच घराघरांत गुणगुणलं जात होतं.

मोती साबणानं वेळ पकडली. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाची पहाट मराठी घरात आधीपासूनच होती. साबण नेमका तिथे जाऊन बसला. त्याच्या जाहिरातीत दारं ठोठावत सगळ्यांना उठवणारे 'अलार्म काका', म्हणजे विद्याधर करमरकर, म्हणूनच आपल्याच शेजारचे वाटले. नवी सवय लावण्यापेक्षा जुनीत शिरणं सोपं.

करसनभाई पटेलांच्या निरमा धुण्याच्या पावडरनं १९६९पासून स्वस्ताईच्या बळावर बाजार घेतला. सर्फनं भाव पाडून नव्हे, तर जाहिरातीतल्या ललिताजींच्या तोंडून उत्तर दिलं. जाहिरातकार अलिक पदमसी यांची ही बाई भाजीसुद्धा पारखून घेई. स्वस्त वस्तू आणि फायद्याची खरेदी यांतला फरक ती गिऱ्हाइकाच्याच हिशोबानं समजावत होती. महाग माल घेणाऱ्या बाईला तिनं उधळी ठरू दिलं नाही, उलट शहाणी ठरवलं.

पण मोहिमेची खरी परीक्षा विक्रीबाहेर होते. १९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओचं मागणं लहान होतं: ठरलेला रविवार, जवळचं बूथ, दोन थेंब. बाळाच्या करंगळीवर शाईची खूण, म्हणजे कोण राहिलं ते लगेच कळे, मग घरभेटी. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त ठरला. जाहिरातीतला अमिताभ बच्चन यांचा आवाज घरात पोचला. डोस पोचवला तो शीतपेटी खांद्याला लावून हिंडणाऱ्या आरोग्य आणि अंगणवाडी सेविकांनी. ही पायपीट वजा केली, तर त्या मोहिमेची नुसती जाहिरात उरते.