ग्वाल्हेरचा चाबूक, थलश्शेरीची तालीम

भारतीय सर्कशीच्या जन्माची गोष्ट सांगताना सगळे मुंबईपासून सुरुवात करतात. ज्युसेप्पे चियारिनी या इटालियन सर्कसवाल्याचा तंबू तिथे लागला होता. हिंदुस्थानी माणसांना सर्कस काढायला अजून बराच अवकाश आहे, असे तो म्हणाला आणि प्रेक्षकांतल्या विष्णुपंत छत्र्यांनी तिथल्या तिथे पैज लावली, की सहा महिन्यांत हेच खेळ करून दाखवतो. छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’च्या पहिल्या खेळाची तारीख २० मार्च १८८० अशी दिली जाते. पैजेच्या कथेत तिखटमीठ असेलही. पण सहा महिन्यांत तंबू उभा राहतो, माणूस तयार होत नाही. धावत्या घोड्याच्या उघड्या पाठीवर उभे राहायला शिकण्यात वर्षे जातात. छत्र्यांची ती वर्षे ग्वाल्हेरात गेली होती, आणि आपल्या सर्कशीचा इतिहास तिथून सांगायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ ठोकला आणि तळाचेच शहर झाले. ते लष्कर. कवायती पलटणींच्या छावणीचा भाग तो कंपू. आज तिथे जयारोग्य रुग्णालयाकडे जाणाऱ्यांची आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांची वर्दळ असते. पण एकोणिसाव्या शतकात या साऱ्या परिसराचा श्वास घोडदळाचा होता. जयाजीराव शिंद्यांच्या काळात (१८४३ ते १८८६) तोफा, पागा, कवायत हा दरबाराचा आवडीचा विषय होता. मराठी मुलखातून पोटासाठी आणि विद्येसाठी माणसे इथे येत. सांगलीजवळच्या अंकलखोपचे विष्णुपंत त्यांतलेच एक. इथे त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्येचे धडे घेतले.

घोडा शिकवणाऱ्याला आपल्याकडे चाबुकस्वार म्हणतात, पण त्याच्या हातातला चाबूक मारण्यासाठी कमी आणि बोलण्यासाठी जास्त असतो. तो वर्तुळाच्या मध्यभागी उभा राहतो, लांब दोरावर घोडा भोवती फिरवतो. चाबकाचे टोक घोड्याच्या मागे राहिले तर चाल वाढते, खांद्यासमोर आले तर मंदावते. घोड्याची टाप एका लयीत पडू लागली, की मग स्वार पाठीवर उभा राहतो. घोडा वर्तुळात पळत असल्याने स्वार आत झुकतो आणि तोल साधतो. सरळ रेषेत पळणाऱ्या घोड्यावर हे फार अवघड. फिलिप ॲस्टली या इंग्रज घोडेस्वाराने अठराव्या शतकात लंडनमध्ये गोल रिंगण पक्के केले ते याच कारणाने. पुढे जगभर स्थिरावलेला सुमारे ४२ फूट व्यासाचा गोल घोड्याच्या पावलांनी ठरवलेला आहे. त्यामुळे चियारिनीच्या तंबूत बसलेल्या छत्र्यांना समोरचे सगळे ओळखीचेच वाटले असणार. फरक इतकाच, की ग्वाल्हेरात ही विद्या दरबारच्या पागेत होती आणि चियारिनीने तिच्यावर तिकीट लावले होते.

ग्वाल्हेरने छत्र्यांना आणखी एक गोष्ट दिली. दिवसा घोडा आणि उरलेल्या वेळी गाणे. हद्दूखाँसाहेबांकडे ते ख्याल शिकले. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ वडिलांच्या पश्चात व्यसनात आणि भटकंतीत सापडले, तेव्हा काशीत विपन्नावस्थेत असलेल्या या गुरुपुत्राला छत्र्यांनीच आपल्याबरोबर आणले. पुढची कित्येक वर्षे हा अलौकिक गवैया सर्कशीच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव फिरला. एकीकडे वाघांचे पिंजरे, घोड्यांचा चारा आणि तंबूच्या मेखा, दुसरीकडे रहिमतखाँचा सूर. लोकांनी त्यांना ‘भूगंधर्व’ म्हटले, अब्दुल करीमखाँनी त्यांच्या गायकीतून पुष्कळ उचलले. १९२२ मध्ये कुरुंदवाडला त्यांचा शेवट झाला. गुरुऋण फेडण्याचे इतके मोठे उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात मला दुसरे ठाऊक नाही.

गाण्याचे पुढे घराणे झाले. घोड्याच्या विद्येचे झाले नाही. छत्र्यांमागून देवल, कार्लेकर, शेलार अशा मराठी सर्कशी निघाल्या, गाजल्या. पुण्याचे दामू धोत्रे पोरवयात सर्कशीत शिरले आणि १९४० मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात वाघ-बिबळ्यांसमोर उभे राहिले. पण प्रत्येक कंपनी एकेका पुरुषाच्या कर्तृत्वावर उभी होती. तो थकला की तंबू विकला जाई.

छत्र्यांची सर्कस १८८० च्या दशकात मलबारात थलश्शेरीला पोहोचली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन हे कळरीपयट्टू ही युद्धकला आणि कसरती शिकवणारे गुरुजी भेटले. छत्र्यांना आपल्या खेळासाठी माणसे हवी होती, कीलेरींना आपल्या शिष्यांसाठी मैदान. कीलेरींनी जे केले ते मराठी सर्कसवाल्यांनी केले नाही. १९०१ मध्ये थलश्शेरीजवळ चिरक्करा इथे त्यांनी सर्कशीची शाळाच काढली. १९०४ मध्ये त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनी ‘ग्रँड मलबार सर्कस’ काढली. एक पिढी जात नाही तोच भारतीय सर्कशीची भाषा मल्याळम झाली. १९५१ मध्ये थलश्शेरीच्या एम. व्ही. शंकरन यांनी ‘विजया सर्कस’ विकत घेतली, तीच पुढे ‘जेमिनी सर्कस’ झाली. मराठी माणसाने काढलेला धंदा दाक्षिणात्यांनी पळवला, असे कुणी म्हणाले तर मला राग येतो. पळवला नाही, त्यांनी तो शिकवला.

शाळेचे बळ काय असते ते चीनकडे पाहून कळते. इसवी सनापूर्वी १०८ मध्ये हान सम्राट वू याने राजधानीत कसरतींचा मोठा मेळा भरवला होता. दुसऱ्या शतकातल्या झांग हंग या कवी-शास्त्रज्ञाने खांबावरचे, दोरीवरचे आणि पात्यांच्या कड्यातून उडी मारण्याचे खेळ वर्णिले आहेत. ‘शंभर खेळ’ असेच त्या करमणुकीचे नाव होते. हबेई प्रांतातल्या वूछ्याओची जमीन खारवट, शेतीवर भागत नसे. सुगी झाली की घरेच्या घरे खेळ करायला बाहेर पडत आणि पोरे बापाच्या खांद्यावरच शिकत. १९५० मध्ये नव्या सरकारने राष्ट्रीय कसरत मंडळ स्थापन केले. जत्रेतली विद्या रंगमंचावर आली, तिच्या शाळा निघाल्या. १९८७ पासून वूछ्याओच्या नावाने आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो.

त्यांचा उभा खांब पाहिला की मराठी माणसाला आपला मल्लखांब आठवतोच. चिनी खांब उंच, रबर गुंडाळलेला. खेळाडू पूर्ण कपड्यांत असतो आणि एका खांबावरून दुसऱ्यावर झेपावतो. आपला मल्लखांब जेमतेम साडेआठ फुटांचा, सागवानी किंवा शिसवी, वर निमुळता होत बोंडापाशी संपणारा, एरंडेल चोळलेला. लंगोट लावलेला खेळाडू मांड्यांची तिढी घालून उलटा लटकतो, तेव्हा त्याला धरून ठेवते ते कातडीचे आणि लाकडाचे घर्षण. अढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही प्रकारांची नावे आजही तालमीत तशीच पुकारली जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा उभारी दिली आणि तेव्हापासून तिची शिष्यपरंपरा तुटलेली नाही. सर्कशीच्या नशिबी जे आले नाही, ते तालमीने मल्लखांबाला दिले. २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आपल्या सर्कशीचा तंबू मात्र आकसत गेला. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर १९९८ च्या अधिसूचनेने आलेली बंदी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०११ मध्ये मुलांना कामाला ठेवणे थांबवले. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण जनावरे आणि पोरवयाची भरती गेल्यावर उरते ती केवळ प्रौढ माणसाच्या शरीराची विद्या, आणि ती देणारी शाळा आपल्याकडे जवळपास नाही.

ती शाळा ग्वाल्हेरात निघू शकते. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केले, असे करणारे ते पहिले राज्य. ग्वाल्हेरात १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठही आहे. एका ठिकाणी शरीर घडते, दुसऱ्या ठिकाणी सूर आणि रंगमंच. विष्णुपंत याच शहरात या दोन्ही विद्या एकाच वेळी शिकले होते. सोळाव्या-सतराव्या वर्षी स्पर्धेतून बाहेर पडणाऱ्या मल्लखांबपटूंसाठी या दोन संस्थांनी मिळून रंगमंचीय कसरतींचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि त्याला आपटे व छत्रे या गुरुशिष्यांचे नाव द्यावे.