सायकल मॉलची, पंक्चर गल्लीतलं

सायकल घ्यायची असं एकदा ठरलं की खरा प्रश्न ‘कुठली?’ हा नसतो, ‘कुठून?’ हा असतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, तुम्ही उपनगरात कुठेही राहा, पर्याय साधारण तीनच. मॉलमधलं किंवा मोठ्या रस्त्यावरचं चकाचक स्टोअर, मोबाइलवरचं ॲप, आणि स्टेशनकडे जाताना रोज दिसणारं ते दहा बाय बाराचं दुकान. त्याच्या छताला लहान मुलांच्या सायकली टांगलेल्या असतात आणि दारात कुणीतरी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसलेलं असतं.

तुमच्यापैकी बरेच जण आधी मोठ्या स्टोअरमध्ये जाणार, आणि त्यात काही चूक नाही. तिथे प्रत्येक सायकलवर किंमत लिहिलेली असते. तुमच्या उंचीला फ्रेम कुठल्या साइजची हवी हे सांगणारं कुणीतरी असतं. सायकल तिथल्या तिथे चालवून बघता येते आणि बिल न मागता मिळतं. मुलींना तर हा फरक जास्तच जाणवतो. गल्लीतल्या दुकानात मुलगी एकटी गेली की ‘ही बास्केटवाली घ्या’ हे वाक्य ठरलेलं, आणि बरोबर बाबा किंवा भाऊ असेल तर दुकानदार बोलणार त्यांच्याशीच! चालवणार कोण, तर ती. गिऱ्हाईक मॉलकडे का वळलं याचं उत्तर नेहमी डिस्काउंटमध्ये नसतं.

ही मोठी दुकानं एका रात्रीत आली नाहीत. ‘डिकॅथलॉन’ ही फ्रेंच कंपनी भारतात आली २००९ मध्ये, तीही घाऊक विक्रीसाठी. २०१३ मध्ये केंद्र सरकारने तिला थेट ग्राहकांना विकायची परवानगी दिली. बीट्विन, रॉकरायडर, ट्रायबन हे सगळे तिचे स्वतःचेच ब्रँड, त्यामुळे मधला डीलर नाही. इकडे देशी कंपन्यांनीही शोरूमचा मार्ग धरला. चेन्नईच्या टीआय सायकल्सने ‘ट्रॅक अँड ट्रेल’ ही दुकानांची साखळी उभी केली. लुधियानाच्या हीरो सायकल्सने २०१५ मध्ये ‘फायरफॉक्स’ विकत घेतली. गल्लीतल्या दुकानदाराला मिळणाऱ्या कमिशनवर गदा आली ती अशी दोन्ही बाजूंनी. परदेशी कंपनीची सायकल त्याला विकायला मिळत नाही आणि देशी कंपनीची मिळते, पण तीच सायकल गिऱ्हाईक मोबाइलवर कमी किमतीत दाखवतं.

२०२० चा लॉकडाऊन आठवतोय? जिम बंद, लोकल बंद, आणि अचानक सगळ्यांना सायकल हवी होती. सायकल उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात सुमारे ४२ लाख सायकली विकल्या गेल्या. गंमत म्हणा किंवा क्रूर थट्टा, ‘ॲटलस’ने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला तो नेमका त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी. मागणी होती, पण साध्या काळ्या घोड्याला नव्हती. गिअरवाल्या, जाड टायरवाल्या सायकलींना होती. त्या तेजीत ज्यांनी पहिल्यांदा सायकल घेतली, त्यांतल्या कितीतरी सायकली आज सोसायटीच्या जिन्याखाली गंज खात उभ्या आहेत. चेन लाल, टायर बसलेले. त्या परत रस्त्यावर आणायच्या असतील तर जायचं कुठे?

मोठ्या स्टोअरमध्ये वर्कशॉप असतं, नाही असं नाही. पण पंक्चर झालेली सायकल मुलुंडहून किंवा बोरिवलीहून ढकलत तिथवर न्यायची कशी? रिक्षात ती मावत नाही. शिवाय मॉल उघडतो दहा-अकराला आणि सायकलवाला घराबाहेर पडतो सकाळी सहाला. आरेच्या रस्त्यावर किंवा नॅशनल पार्कात रविवारची राइड मारणाऱ्याचा फार तर एक रविवार बुडेल. पण पाववाल्याचा, इस्त्रीवाल्याचा, डबेवाल्याचा धंदा बुडतो. उपनगरात सायकल चालवणारा खरा वर्ग हा आहे, आणि तो मॉलमध्ये कधी जात नाही. त्याला पंधरा मिनिटांत पंक्चर काढून देणारा माणूस लागतो, ओळखीचा, पैसे उद्या दिले तरी चालतील असा.

आता त्या माणसाला काय येतं ते बघा. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून येते, ‘८५ टक्के जोडलेली’. उरलेले १५ टक्के तुम्ही यूट्यूब बघून जोडता. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे माहीत नसतं, म्हणून ते जोर लावून फिरवता आणि क्रँकचे आटे घालवता. पुढचा फोर्क उलटा बसवून महिनोन् महिने चालवणारी मंडळीही रस्त्यावर दिसतात, बघा एकदा नीट लक्ष देऊन. मग सायकल जाते त्याच दुकानात. आपल्याकडून न घेतलेली सायकल जोडून द्यायची आणि त्यासाठी थोडी मजुरी मागितली तर ‘एवढे?’ हे ऐकून घ्यायचं!

टायरचंच घ्या. ‘२६ इंची टायर द्या’ म्हणालात तर जाणता दुकानदार आधी सायकल दाखवायला सांगेल. कारण माउंटन बाइकच्या २६ इंची रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर आणि जुन्या बारीक चाकाच्या २६ इंचीचा ५९०. नाव एक, टायर दोन, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. याउलट ७००सी आणि २९ इंची ही नावं वेगळी, पण रिम एकच, ६२२ची. हे आकडे टायरच्या कडेवर छापलेले असतात, आपण वाचत नाही. वाकडं फिरणारं चाक एकेक तार कसत सरळ करणं, म्हणजे ‘आउट काढणं’, हे तर हाताचं काम. ते वर्षानुवर्षं बसून शिकावं लागतं आणि शिकायला आता नवीन मुलं येत नाहीत.

सगळा दोष साखळी दुकानांवर ढकलणं मात्र मला पटत नाही. उपनगरातल्या छोट्या दुकानाचा मोठा शत्रू आहे जागा. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की तळमजल्यावरचा गाळा जातो. दोन-चार वर्षं भाड्याच्या जागेत तग धरायचा आणि नव्या टॉवरमध्ये मेंटेनन्स भरायचा, तो कशाच्या जोरावर, पंक्चरच्या? फुटपाथवर बसावं तर पालिकेची गाडी येते. आणि काही दोष दुकानदारांचेही आहेत. डिस्क ब्रेक दिसला की ‘हे आमच्याकडे होत नाही’ म्हणून हात झटकायचे, मजुरीचा दर माणूस बघून ठरवायचा, जुना पार्ट परत द्यायचा नाही. ज्यांनी हायड्रॉलिक ब्रेक शिकून घेतले, दर फळ्यावर लिहून लावले, त्यांच्याकडे मॉलमधून घेतलेल्या सायकलीही रांगेत उभ्या दिसतात. चेन, केबल, ट्यूब, ब्रेक पॅड यांतलं बरंचसं सामान ठरावीक मापांचंच असतं. सायकल कुणाचीही असो, हात चालला पाहिजे.

ई-सायकलचं गणित वेगळं आहे. बॅटरी, कंट्रोलर, डिस्प्ले ज्या त्या कंपनीचे. चाक गल्लीत दुरुस्त होईल, बॅटरीसाठी कंपनीच्याच दारात उभं राहावं लागेल. म्हणून ती घेण्याआधी सर्व्हिस सेंटर घरापासून किती लांब आहे ते नकाशावर बघा आणि मगच मायलेजचे आकडे वाचा.

साधी सायकल घेणार असाल तर मोठ्या स्टोअरमध्ये जाऊन आपली फ्रेम साइज जरूर कळून घ्या. मग त्याच बजेटमध्ये काय मिळतं ते घराजवळच्या दुकानात विचारा, आणि पहिल्या सर्व्हिसिंगचं काय तेही. नव्या सायकलीच्या केबल महिनाभरात सैल होतात, गिअर खटखटायला लागतात, तेव्हा ते फुकट करून देणार का? बिल तिथेही मागा. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आणि जिन्याखाली आधीच एक सायकल उभी असेल तर पाऊस लागायच्या आत तीच बाहेर काढा. जून उजाडला की दुकानात गंजलेल्या चेनची रांग लागते.